ओला अंगठा

लाकडाचा रंग कोरड्यात विचारू नये.
झिपरू मिस्तरी अंगठा जिभेला लावतो, पट्टीवर घासतो,
आणि जुन्या पैशाएवढ्या जागेत
वार्निशनंतरचं लाकूड दिसून जातं.
मग सुकतं. परत फिकं, परकं.
आमची सगळी निवड तेवढ्या वेळात चालते.

देवदार स्लीपरांचा.
पाचोरा यार्डामागे ढीग पडला होता,
अरुंद रूळ उखडले तेव्हाचा,
किलोवर घेतला, नाहीतर वीटभट्टीत जायचा.
चार दिवस रंधा: आधी डांबर, मग तपकिरी भुसा,
मग एकदम मध,
आणि गोठाभर असा वास
की म्हैस रवंथ थांबवून बघत राहिली.
पाच फुटी तुकडे तिरके कापून, सांधून
चौदा फुटांच्या पट्ट्या केल्या, करंगळीहून बारीक.
एकोणीस वर्षं मी याच लाकडावरून जामनेरला शाळेत गेले.
खिडकीतून उतरून चालत गेले असते तरी वेळेत पोचले असते,
तसली ती गाडी.

साग नको म्हटलं, साग दारात असतो.
शिवण हलकी, पण चेहरा नाही.
खैर लाल, मिजासखोर, सुकताना चिरतो.
शिसवीचा भाव ऐकून आम्ही चहा घेतला.
धरणगावच्या वखारीत हळदूचं एक फळकूट मिळालं,
पोस्टकार्डासारखं पिवळं.
ते मी माळ्यावर ठेवलं, नक्षीसाठी.

नक्षी माझी. ड्रॉइंगची बाई मी.
आलेखाच्या वहीत सात प्रकार काढले:
बाणाचं टोक, केळीच्या पानाची शीर,
गोधडीचा धावदोरा,
वत्सलाआत्याच्या लुगड्याचा काठ, चौकडी आणि मधे रुईफूल.
झिपरूनं वही उलटी धरून पाहिली. म्हणाला,
"नावले काठ कसाले बाई?
ती काय लगनले जाई ऱ्हायनी?"

खिळ्यांच्या भोकांचे तुकडे
मी खडूनं फुली मारून वेगळे काढले होते.
भोवती लोखंड उतरून काळं झालेलं,
काजळ फिसकटावं तसं.
मी दोन दिवस जळगावला गेले
आणि यानं तेच तुकडे सांधून, सरसावून
कुशीवर बसवून टाकले, खडूच्या फुल्यांसकट.

बोलले नाही त्याच्याशी. चहा दिला, बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी तो जेवायला गेल्यावर
एका डागावर ओलं फडकं फिरवलं.
काळा नव्हता तो. निळा होता,
वांग्याच्या सालीचा, देठाजवळचा.

मग हळदू उतरवला. गोल गुट्ट्या कापल्या,
एकेका भोकात ठोकल्या.
आता डाव्या अंगाला अकरा पिवळे ठिपके, उजव्या अंगाला सात.
कुठलंच अंतर कुठल्याशी जुळत नाही.
मुलांनी असं काम आणलं असतं
तर दहापैकी चार दिले असते.

काठाखालची गडद रेघ अंजनाची, हट्ट त्याचा.
मी म्हटलं, अरे, अंजन पाण्यात टाकला
की दगडासारखा तळाला जातो.
तो क्लॅम्प आवळत होता.
"बसू दे. बाकीना धरतीन त्याले."

गिरणेला आवर्तन सुटायला पंधरा दिवस.
सुटलं तर. कालव्याच्या ऑफिसात
कुणी नीट सांगत नाही.
भडगावच्या पुलाखाली पाणी मांडीएवढं आलं तरी पुरे,
होडी मांडीएवढ्यात चालते,
असं मी वाचलंय. झिपरूनं वाचलेलं नाही,
त्याला पोहता येत नाही.

एकच पट्टी उरलीय, तळाची, मधली,
दोन्ही बाजू जिथे भेटायच्यात ती.
त्यानं दोन तुकडे पुढे केले.
उजेड उतरत होता, दोन्ही सारखेच दिसत होते.
मी अंगठा जिभेला लावला.

डांबर. आणि थोडं लोखंड.